कणकेचा कोंबडा आणि गॅलरीतला रणगाडा



मे महिन्यात आमच्या मामीसासूबाई भाईंदरला आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. हात धुवायला आत गेल्या आणि कपाळाला आठ्या घालून परत आल्या. गॅलरीतल्या टेबलावर त्यांना धाकट्याचा रणगाडा दिसला होता. "जैनाच्या घरात तोफ? यशोधर राजाच्या कोंबड्याची गोष्ट विसरलात वाटतं," एवढं म्हणाल्या आणि आमरसाची वाटी पुढे ओढली. मुलगा काही बोलला नाही. रात्री त्यानं रणगाडा खोक्यात भरून माळ्यावर टाकला. रविवारी स्थानकात येतोस का विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही जा मम्मी. मी हिंसावाला आहे ना."

त्या एका वाक्यासाठी हा लेख. मामीजी माझं लिखाण वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या वयाचा मान ठेवून, पण स्पष्टच लिहिते.

आधी ते काय आहे ते सांगते, कारण नावं ठेवणाऱ्यांपैकी कोणीच जवळ जाऊन पाहिलेलं नाही. तो सेंच्युरियन नावाच्या रणगाड्याचा नमुना आहे, पंचविसाव्या हिश्श्याचा. खरा रणगाडा सुमारे ५१ टनांचा आणि ३.४ मीटर रुंद. आमचा साडेतेरा सेंटिमीटर रुंद. संच जुना, कोणाकडून तरी स्वस्तात मिळालेला, आणि त्यातले भाग ढोबळ. बाजूचे पत्रे दीड मिलिमीटर जाड. पंचवीसनं गुणा: खऱ्या रणगाड्यावर ते पावणेचार सेंटिमीटर जाड झाले असते, आणि खरा पत्रा त्याच्या मानानं अगदीच पातळ असतो. म्हणून त्यानं कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कापून नवे पत्रे केले आणि चमच्याच्या पाठीनं त्यांना पोचे पाडले. ओढायची जाड केबल बंद पडलेल्या चार्जरच्या तांब्याच्या तारा पिळून केली. वेल्डिंगच्या शिवणी म्हणजे एम-सीलची सुतासारखी वळी, ओली असतानाच टूथपिकनं टोचलेली. ताडपत्री टिश्यू पेपरची, फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेली. दिव्यांच्या काचा माझ्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातल्या. मागच्या बाजूला पायदळातल्या सैनिकानं आतल्यांशी बोलायची टेलिफोनची पेटी असते. संचात तिथे नुसता ठोकळा होता. ती पेटी, तिचं झाकण, झाकणाची बिजागरी असं सगळं त्यानं प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून केलं. फोटोवरून माप काढायचं, पंचवीसनं भागायचं, कापायचं, चुकलं की टाकून पुन्हा कापायचं. एका बिजागरीला दोन संध्याकाळी गेल्या.

हे सगळे भाग पितळेत आणि रेझिनमध्ये तयारही मिळतात. परदेशातून मागवावे लागतात आणि पैसे सांडावे लागतात. त्यानं एकही घेतला नाही. घरातल्या कचऱ्यातून जे होईल ते केलं. अपरिग्रहावर मी या ब्लॉगवर तीन लेख लिहिले आहेत. तो न लिहिता करत होता.

हे वेड लागलं कुठे, तेही सांगते. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताचं अहिल्यानगर. आम्ही आनंदधामला, आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या समाधिस्थळी गेलो होतो. तिथून मुलांना रणगाड्यांच्या संग्रहालयात नेलं. १९९४ साली लष्करानं उघडलेलं ते संग्रहालय नगरकरांना नवीन नाही. तिथे पूना हॉर्स या रेजिमेंटची माहिती त्याच्या मनात बसली. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल २१ वर्षांचे होते. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत रणगाड्याला आग लागली, बाहेर पडायचा हुकूम झाला, पण ते थांबून राहिले आणि तिथेच गेले. १९६५ साली त्याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर गेले, तेही १६ तारखेलाच, सप्टेंबरच्या. दोघंही सेंच्युरियनमध्ये होते, दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. परतीच्या गाडीत त्यानं एकच विचारलं, "मम्मी, आत चार माणसं बसतात. आग लागली तर चौघं एका वेळी बाहेर कसे येणार?"

तोफ किती लांब मारते, हे त्यानं विचारलं नाही. मामीजी, हे लक्षात घ्या.

आता कोंबड्याची गोष्ट. यशोधर राजाला दुःस्वप्नाच्या निवारणासाठी आईनं प्राण्याचा बळी द्यायला सांगितलं. राजा नाही म्हणाला, पण आग्रहापुढे वाकला आणि कणकेचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. त्याचं फळ म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा अशा कितीतरी योनी फिराव्या लागल्या. गोष्ट मीही लहानपणापासून ऐकली आहे, मुलांना सांगितलीही आहे. पण दोष कणकेचा होता का? आकाराचा होता का? कोंबडा केला तोच मारण्यासाठी. हातात सुरी होती, मनात बळी होता, समोर फक्त जीव नव्हता. म्हणून ती संकल्पी हिंसा. गोष्ट भावाची आहे, आपण ती आकाराची करून टाकली.

आकारच पाप असेल तर दिवाळीच्या किल्ल्यावरचे तलवारवाले मावळे आधी उचला. आपल्या किती घरांच्या अंगणात ते असतात! भरत-बाहुबलींच्या गोष्टीतली समोरासमोर उभी सैन्यंही पुस्तकातून पुसा. ती सैन्यं दाखवल्याशिवाय बाहुबलींनी उगारलेली मूठ मागे घेतली, याला अर्थ काय उरतो? आणि श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती दहाव्या शतकात उभारणारा चामुंडराय हा गंगांचा सेनापती होता, हेही मुलांना सांगू नका. श्रावकानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. विरोधी हिंसा, म्हणजे रक्षणासाठी घडणारी, तिची मर्यादा आपल्या परंपरेनं वेगळी सांगितली आहे. सीमेवरच्या जवानाच्या भरवशावर झोपायचं आणि त्याच्या गाडीचा नमुना घरात नको म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

कोणी म्हणेल, हा अनर्थदंड आहे, बिनकामाचं पाप. बरं, आठवं व्रतच उघडू. अनर्थदंडाचे चार प्रकार: अपध्यान, प्रमाद, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं आणि पापाचा उपदेश. कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्यानं कोणी मरत नाही, त्यामुळे तिसरा इथे लागत नाही. उपदेश तर तो कोणालाच करत नाही. प्रमाद? ज्याला आपण जयणा म्हणतो, ती मला त्या टेबलावर दिसली. प्लास्टिकची काडी तापवून ताणायला मेणबत्ती लागते. संध्याकाळी ज्योतीवर चिलटं येतात, म्हणून ते काम दिवसा. रंगाच्या बाटलीचं झाकण लगेच बंद, मुंगी पडू नये म्हणून. राहिलं अपध्यान. ते होऊ शकतं, मी नाकारत नाही. म्हणून मी त्याला विचारलं होतं, पुढे मेलेले सैनिक ठेवणार आहेस का? म्हणाला, "नाही. वरची झाकणं उघडी ठेवणार." अपध्यान पाहायचं असेल तर मोबाइलवर माणसं टिपणारी मुलं पाहा, ज्यांना आपण "गप्प बसलाय बिचारा" म्हणून कौतुकानं वाढतो.

खरा दोष होता, पण तो मामीजींना दिसला नाही आणि मलाही नाही. तो ब्रशमध्ये होता. बारीक रेषा काढायला त्यानं माझ्याच कपाटातला जुना ब्रश घेतला होता, माझ्या इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेच्या वेळचा. केसांच्या टोकाला गडद तपकिरी, मध्ये फिकट, मुळाशी परत गडद. असे पट्टे मुंगसाच्या केसांना असतात. एक केस जाळून पाहिला: नायलॉन वितळून गोळी होते, याचा जळक्या केसांचा वास आला आणि राख झाली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार मुंगसाला संरक्षण आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. आणि हे केस मिळतात ते मुंगूस मारूनच. पंधरा कर्मादानांत केसवाणिज्य आहे, ते मी प्रतिक्रमणात वर्षानुवर्षं म्हणत आले. बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन शोधणारी मी, आणि ब्रश तीस वर्षं माझ्या कपाटात. प्रायश्चित्त माझं, मुलाचं नाही. आता घरात फक्त नायलॉनचे ब्रश आहेत. तुमच्याही मुलांच्या कंपासपेट्या उघडून बघा. रांगोळीच्या, मेकअपच्या डब्यातलेही बघा.

आणि शेवटचं, जे लिहू नको असं घरच्यांनी सांगितलं होतं. त्याच कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि त्यात शस्त्रांचा व्यापारही धरतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तोफा चालू होत्या तेव्हा शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर चढले. आपल्या नात्यातल्या ग्रुपवर त्या आठवड्यात काय चाललं होतं, ते प्रत्येकानं वर सरकवून वाचावं. अंगठे, पेढे, "अजून घ्या, अजून वर जाणार." लढाई लांबली तर नफा वाढेल, असं मनात येणं म्हणजे काय? त्याला अपध्यान म्हणायचं नाही, तर कशाला? ज्या घराच्या डिमॅट खात्यात खरी तोफ आहे, त्या घरानं गॅलरीतल्या प्लास्टिकच्या तोफेवर बोलावं, हे मला सहन झालं नाही. आमच्याही खात्यात असे शेअर होते. यांच्याशी चार दिवस वाद घालून ते विकायला लावले. तोटा नाही झाला, पण पुढे ते आणखी चढले, हे मला जेवताना रोज ऐकवलं जातं. ऐकते.

२०१५ साली पर्युषणातल्या मांसबंदीवरून आपल्या मीरा-भाईंदरचं नाव देशभर गाजलं. तो वाद मी उकरत नाही. एवढंच म्हणते, की दुसऱ्याच्या दुकानातली हिंसा लांबून दिसते. आपल्या कपाटातली दिसायला कपाट उघडावं लागतं.

मैत्रिणींनो, आपली मुलं धर्म सोडून जातात अशी तक्रार आपण दर चातुर्मासात करतो. ती प्रवचनानं जात नाहीत. न बघता मारलेल्या एका टोमण्यानं जातात. कोणाच्या मुलाच्या टेबलावर काही दिसलं तर आधी खुर्ची ओढून बसा, काय करतोस विचारा, मग व्रत सांगा.

खोकं अजून माळ्यावरच आहे. काल मी नवा ब्रश त्याच्या टेबलावर ठेवला. तो काही बोलला नाही, पण ब्रश जागेवर नाही.

मामीजी, पुढच्या रविवारी जेवायला या. टेलिफोनची पेटी दाखवायला त्यालाच सांगीन. माझ्या लिहिण्यानं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.