भाषेचे घर कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका जुन्या मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली. सभासदांची यादी सव्वादोनशेची. हजर होतो एकोणीस जण. विषयपत्रिकेवरील सहावा विषय होता, ‘मंडळाच्या इमारतीबाबत विचार करणे’. विचार काय करायचा, ते एका विश्वस्तांनी सांगितले. छप्पर गळते, घरपट्टी थकली आहे, वाचनालयात दिवसाकाठी चारदोन वृत्तपत्रवाचक येतात. एक बांधकाम व्यावसायिक जागा घ्यायला तयार आहे आणि नव्या इमारतीत तो मंडळाला एक खोली देणार आहे. हे ऐकून कोणी रागावले नाही. तेच मला अधिक लागले. अखेर एका वयोवृद्ध सभासदांनी उभे राहून एवढेच म्हटले, की निर्णय सहा महिन्यांनी घ्यावा. ते मान्य झाले. त्या सहा महिन्यांतले पाच आता उरले आहेत.

हा लेख त्या पाच महिन्यांसाठी लिहीत आहे. परंतु तो केवळ आमच्या गावापुरता नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी असो, गोवे असो, की इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद. जिथे जिथे मराठी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदला, तिथे तिथे त्याने वर्गणी काढून एखादे सभागृह, वाचनालय, समाजमंदिर वा तालीम उभारली. अशा प्रत्येक वास्तूच्या विषयपत्रिकेवर आज ना उद्या हा ‘सहावा विषय’ येणार आहे. तो येईल तेव्हा काय करावे, याचा धडा मला दूरच्या एका देशात सापडला.

तो देश म्हणजे वेल्स. इंग्लंडच्या पश्चिमेला वसलेला, स्वतःची प्राचीन भाषा जपणारा. १५३६च्या कायद्याने इंग्रजी ही तिथल्या न्यायालयांची भाषा झाली आणि केवळ वेल्श जाणणाऱ्यास सरकारी पदाची दारे बंद झाली. ती दारे पुन्हा उघडायला चार शतकांहून अधिक काळ गेला. १९६७ आणि १९९३ या वर्षी वेल्श भाषेचे कायदे झाले, १९८२ पासून वेल्श दूरचित्रवाहिनी सुरू झाली, आणि २०११च्या कायद्याने वेल्शला वेल्समध्ये अधिकृत भाषेचे स्थान मिळाले. आपण ज्या मागण्यांसाठी मोर्चे काढतो, निवेदने देतो, न्यायालयाची पायरी चढतो, त्यांतील बऱ्याचशा मागण्या त्या समाजाच्या पदरात पडल्या आहेत.

आणि तरीही जनगणना काय सांगते? २०११ साली वेल्श बोलू शकणारे ५ लाख ६२ हजार होते, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या १९ टक्के. २०२१ साली ते ५ लाख ३८ हजारांवर, म्हणजे १७.८ टक्क्यांवर आले. घट मुख्यतः तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांत दिसली. महामारीमुळे शाळा विस्कळीत असतानाची ही गणना आहे, हे ध्यानात घ्यावे लागेल. पण त्यातूनही एक प्रश्न उरतोच. शाळेचे दार बंद झाले की मुलाला त्याची भाषा कोठे भेटते?

भाषेला घर लागते, शाळा लागते आणि त्या दोहोंमध्ये एक तिसरी जागाही लागते. जिथे कोणी शिकवत नाही, परीक्षा घेत नाही, आणि तरी माणसे त्या भाषेत हसतात, भांडतात, हिशेब मांडतात, लग्ने जुळवतात. आपल्याकडे ती जागा चावडी होती, देवळाचा पार होता, मंडळाचा कट्टा होता. वेल्समध्ये ती एकीकडे ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची होती आणि दुसरीकडे गावच्या पानगृहाची. त्याला वेल्शमध्ये ‘तवार्न’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील ‘तबेर्ना’वरून आला. मद्याचे नाव काढताच आपल्यातील काही ज्येष्ठ नाक मुरडतील, याची मला कल्पना आहे. परंतु तिथे तवार्न म्हणजे केवळ पिण्याची जागा नव्हे. गायनवृंदाची तालीम, प्रश्नमंजूषा, वाढदिवस, शोकसभेनंतरचे बसणे, हे सारे तिथेच घडते. आपण त्या जागी आपला चहाचा किटलीवाला कल्पावा. मुद्दा बदलत नाही.

लीन द्वीपकल्पातील लिथ्वाईन हे दगडखाणींच्या आश्रयाने वाढलेले गाव. खाणी बंद पडल्या, माणसे पांगली. गावातले ‘व्हिक्टोरिया’ नावाचे पानगृह, लोकांच्या तोंडी ‘विक’, बंद पडण्याच्या वाटेवर आले. १९८८ साली गावकऱ्यांनीच एकत्र येऊन ते घेतले आणि आज इतक्या वर्षांनंतरही ते गावाच्या मालकीचे आहे. कर्नार्वनजवळच्या लॅन्दुरॉग या खेड्यात हेच पुन्हा घडले. तिथले ‘टीन लॅन’ २०१७ मध्ये बंद झाले. त्या टापूत सुंदर जागा दिसली की ती बाहेरचा श्रीमंत सुटीतले घर म्हणून घेतो, आणि वर्षातले दहा महिने तिच्या खिडक्या अंधाऱ्या राहतात. गावकऱ्यांनी २०२१च्या उन्हाळ्यात भागविक्री काढली. काही आठवड्यांत एक हजाराहून अधिक लोकांनी मिळून चार लाख पौंडांवर रक्कम जमवली. त्यांत गावचे होते, तसेच गाव सोडून जगभर गेलेलेही होते. परगावी गेलेला माणूस भाषेसाठी काही करू इच्छितो. पण काय करावे ते त्याला सुचत नाही. त्याच्यापुढे एक दार, एक रक्कम आणि एक तारीख ठेवली, की तो खिशात हात घालतो.

याहून जवळचे उदाहरण रेक्सम शहराचे. हे वेल्सचे सीमेवरचे शहर. २०२१च्या गणनेत तिथे वेल्श बोलणारे अवघे १२.२ टक्के. म्हणजे आपल्याच जातकुळीचे. २०११ साली तिथे ‘आयस्टेदवोद’ भरले. हा वेल्श भाषेचा राष्ट्रीय वार्षिक उत्सव, आपल्या साहित्य संमेलनासारखा, दर वर्षी गाव बदलणारा. संमेलन उठले की मांडव उतरतो आणि शहर पूर्ववत होते, हा अनुभव आपल्यालाही आहे. १९४६च्या बेळगावच्या संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राच्या ठरावाला जन्म दिला; तेवढे भाग्य क्वचित एखाद्या संमेलनाच्या वाट्याला येते. रेक्समच्या लोकांनी ठराव केला नाही. त्यांनी त्या उत्साहाच्या भरात सहकारी संस्था काढली आणि २०१२च्या आरंभी एका जुन्या पानगृहात वेल्श भाषेचे केंद्र उघडले. नाव ठेवले ‘साइथ सेरेन’, म्हणजे सात तारे. भाषाप्रेमी वाचकांनी हे नाव जरा उच्चारून पाहावे. ‘साइथ’ आणि आपला ‘सात’ हे एकाच आदिम मुळाचे दोन अंकुर आहेत. ‘सेरेन’ आणि ‘तारा’ यांचेही नाते तेच.

या सात ताऱ्यांचा मार्ग सोपा नव्हता. २०१५ साली देणी इतकी वाढली, की केंद्र बंद होणार असे जाहीर झाले. ते जाहीर झाले तेव्हा लोक जागे झाले, सभासद आणि स्वयंसेवक पुढे आले आणि केंद्र तरले. इथे दोन बोध आहेत. पहिला असा, की वास्तू मिळवणे हा आरंभ असतो. वीजबिल दर महिन्याला येते. दुसरा असा, की संकट लपवणारी समिती लोकांची मदत गमावते. आमच्या मंडळाची घरपट्टी थकली हे आम्हाला कळले, ते इमारत विकण्याच्या प्रस्तावासोबत.

याच शहरात, याच २०११ साली आणखी एक गोष्ट घडली. तिथला जुना फुटबॉल क्लब बुडीत निघाला होता. त्याच्या चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम गोळा केली आणि क्लब आपल्या ताब्यात घेतला. ही माणसे धनाढ्य नव्हती. क्लब ‘आपला’ आहे असे ती म्हणत आली होती. प्रसंग येताच त्यांनी तो कागदोपत्रीही आपला करून घेतला, इतकेच.

आता कायद्याचा विषय. इंग्लंडमध्ये २०११च्या कायद्यान्वये एखादी वास्तू ‘समाजोपयोगी’ म्हणून नोंदवता येते. मग मालकाने ती विकायला काढली आणि स्थानिकांनी इच्छा कळवली, तर पैसे उभारण्यासाठी त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळते. लंडनमधील नन्हेड भागातील ‘आयव्ही हाउस’ हे पानगृह याच तरतुदीचा आधार घेऊन २०१३ साली तिथल्या रहिवाशांनी विकत घेतले. स्कॉटलंडमध्ये २००३च्या भूसुधारणा कायद्याने स्थानिक समाजाला खरेदीचा पहिला हक्क दिला आहे. वेल्समध्ये मात्र यांपैकी काहीच लागू नाही. लिथ्वाईन आणि लॅन्दुरॉगच्या गावकऱ्यांच्या पाठीशी असा कोणताही कायदा नव्हता. आपल्याही पाठीशी तो नाही. राज्यघटनेची कलमे २९ आणि ३० भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा व शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतात, ३५० क हे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे सांगते. पण गळणारे छप्पर कोणतेही कलम शाकारून देत नाही. ते आपणच शाकारायचे आहे.

कसे, ते या मोहिमांच्या रचनेत आहे. भाग लहान रकमेचे असतात, म्हणजे शिक्षक आणि रिक्षावालाही ते घेऊ शकतात. भाग कितीही घेतले तरी मत एकच. भागाची किंमत वाढत नाही आणि तो बाजारात विकता येत नाही. त्यामुळे नफ्यासाठी येणारा दारातूनच परततो. हे तत्त्व आपल्याला परके नाही. बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली, ती भारतातील सहकाराची पहिली पावले मानली जाते. आणि ती उमटवणारे महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक होते. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ या कन्नड गावात देशातील पहिली कृषी पतसंस्था नोंदली गेली. सहकार हा आपला आणि आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा सामाईक वारसा आहे. सीमाभागातल्या गावागावांत आज मराठी माणसांच्या पतसंस्था आहेत. कर्जासाठी जे जमते, ते सभागृहासाठी का जमू नये?

या शेजाऱ्यांवरून एक आक्षेप नेहमी निघतो, की भाषेच्या नावाने वास्तू राखणे म्हणजे भिंत बांधणे. कार्डिफमध्ये १९८३ साली ‘क्लब इवोर बाख’ निघाला, तेव्हा सभासदत्व वेल्श बोलणाऱ्यांपुरते व ती शिकणाऱ्यांपुरते होते. पुढे दार सर्वांना खुले झाले आणि तो शहरातील नामांकित संगीतस्थळ बनला. रेक्समच्या केंद्रातही इंग्रजी बोलणारा येतो. तिथे वेल्शचे शिकाऊ विशेष आवडीचे. मला यातून एक साधा नियम सुचतो : दारावर भाषेची अट नसावी, फलकावर असावी. फलक मराठी, इतिवृत्त मराठी, कार्यक्रम मराठी. आणि जो येईल त्याला चहा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत असताना इमारतीवर पैसा का खर्चावा? माझे उत्तर असे, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्या मुलाला शाळेबाहेर मराठीचा उपयोग दिसत नाही, त्याचे पालक त्याला मराठी शाळेत का घालतील? संध्याकाळी बुद्धिबळ, नाटकाची तालीम, भजन, अभ्यासिका, हे सर्व ज्या छपराखाली मराठीत चालते, ते छप्पर शाळेचाच विस्तार आहे. अर्थात तिथे काही चालले पाहिजे. कुलूप लावलेली वास्तू वाचवण्यासाठी कोणी भाग घेणार नाही आणि घेऊही नये.

आपण ‘मंडळ’ म्हणतो तेव्हा या शब्दाच्या मुळाशी वर्तुळ आहे. माणसे गोल बसली की मंडळ होते; त्याला दार नाही, भिंत नाही, उतारा नाही. म्हणूनच कदाचित आपण वास्तूच्या कागदांकडे दुर्लक्ष केले. भावना पुष्कळ जपल्या, दस्तऐवज जपले नाहीत. बहुतेक मंडळांच्या सभासदांना विचारा, की जागा कोणाच्या नावावर आहे, विश्वस्त किती हयात आहेत, घटनेत विक्रीबद्दल काय लिहिले आहे. उत्तर देणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

म्हणून पुढील पाच महिन्यांत आमच्या मंडळात काय करायचे, ते मी सभेतील त्या एकोणीस जणांना पत्राने कळवले आहे. प्रथम उतारा आणि मंडळाची घटना यांच्या प्रती काढून फलकावर लावायच्या. विक्रीला सर्व सभासदांपैकी तीनचतुर्थांश जणांची संमती लागेल, अशी दुरुस्ती मांडायची. छपराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक घ्यायचे आणि तेवढ्याच रकमेचे लहान भाग करून गावातल्यांना आणि पुण्या-मुंबईला, परदेशी गेलेल्यांनाही लिहायचे. आणि यादरम्यान दर शनिवारी संध्याकाळी सभागृह उघडून दिवा लावायचा, कार्यक्रम असो वा नसो.

आजवर सहा जणांची उत्तरे आली आहेत. पहिले आले त्या वयोवृद्ध सभासदांचे. त्यांनी पत्रात एवढेच विचारले आहे, की शनिवारी किल्ली कोणाकडून घ्यायची.