दुसऱ्याचे अश्रू आणि आपली करमणूक

रंगभूमीवरील सीतेचें किंवा शकुंतलेचें दुःख पाहून ज्याचे डोळे पाणावतात त्याला आपल्या शास्त्रकारांनीं 'सहृदय' असें नांव दिलें आहे. रस्त्यांत कोणी घेरी येऊन पडला असतां जो नुसता पाहत उभा राहतो आणि आतां पुढें काय होतें ह्याची वाट पाहतो, त्याला मात्र सहृदय कोणी म्हणत नाहीं. दोघेही प्रेक्षकच, आणि दोघांच्याही समोर दुःखच. मग एक स्तुतीस पात्र कां आणि दुसरा निंदेस कां? अलंकारशास्त्राच्या वर्गांतील हा जुना प्रश्न आज आपल्या दिवाणखान्यांत, रात्रीच्या जेवणानंतर, दूरचित्रवाणीसमोर पुन्हा उभा राहिला आहे. म्हणून ह्या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे.

रिॲलिटी शो ह्या नांवानें ओळखला जाणारा प्रकार आतां आपल्या घरीं पाहुणा राहिलेला नाहीं. हॉलंडमध्यें १९९९ सालीं 'बिग ब्रदर' नांवाचा कार्यक्रम निघाला. त्याचा हिंदी अवतार 'बिग बॉस' २००६ सालीं आणि मराठी अवतार २०१८ सालीं आला. ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याची घडण थोडक्यांत सांगतों. निरनिराळ्या स्वभावांचीं दहा-पंधरा माणसें एका घरांत ठेवलीं जातात. तेथें घड्याळ नाहीं, दूरध्वनि नाहीं, वर्तमानपत्र नाहीं, घरच्या माणसाचा शब्द कानीं पडत नाहीं. कॅमेरे मात्र अहोरात्र जागे असतात. एकमेकांना बाहेर घालविण्यासाठीं नांवें सुचवावयाचीं आणि प्रेक्षकांच्या मतांवर कोणी तरी घर सोडावयाचें, हा तेथील नियम. चोवीस तासांच्या चित्रणांतून आपल्या वांट्यास सुमारें तासाभराचा भाग येतो. त्या तासांत काय ठेवावयाचें हें ठरविणारा मनुष्य शांतपणें भाजी निवडणारीं माणसें ठेवीत नाहीं. तो भांडण ठेवतो, आणि भांडणापेक्षांही अधिक आवडीनें रडणें.

अशा घरांत कधीं एखाद्या स्पर्धकास एकाएकीं धाप लागते. तो छाती धरून खालीं बसतो, हात थरथरतात, शब्द फुटत नाहीं, मग हुंदके आवरत नाहींत. तेंच दृश्य दुसऱ्या दिवशींच्या भागाची जाहिरात म्हणून दाखविलें जातें. आणि इकडे पलंगावर तक्क्याला टेकून बसलेला एखादा काका किंवा एखादी आत्या सहज बोलून जाते, "नाटक आहे सगळें! मतांसाठीं चाललें आहे."

ह्या 'नाटक' शब्दाचीच थोडी चौकशी करूं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु आणि प्रलय. अंग ताठणें, घाम फुटणें, कांटा येणें, आवाज चिरकणें, कांपरें भरणें, तोंड पांढरें पडणें, डोळे भरणें आणि शुद्ध हरपणें. हात वर करणें किंवा भुवई चढविणें हें इच्छेनें साधतें. पण हे आठ भाव मन संपूर्ण एकाग्र झाल्यावांचून प्रगट होत नाहींत, म्हणून ते नटाच्या कलेची कसोटी मानले गेले. आतां आधुनिक वैद्याला विचारा कीं पॅनिक अटॅक, म्हणजे भयाचा झटका, ह्याचीं लक्षणें कोणतीं. तो घाम, कंप, घसा दाटणें, छातींत धडधड, घेरी, बोटांना मुंग्या आणि आपण आतां मरणार अथवा वेडे होणार अशी खात्री, हींच सांगेल. शरीरांत संकटाची घंटा वाजते, अॅड्रेनलिन रक्तांत उतरतें, हृदय धांवूं लागतें. श्वास उथळ व जलद झाल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळें मुंग्या व घेरी येते. बहुधा दहा मिनिटांच्या आंत झटका शिगेस पोंचतो व मग ओसरतो. संकट खरें असो वा नसो, भोगणाऱ्याचें शरीर तें खरेंच मानीत असतें. जी गोष्ट मुरलेल्या नटाला प्रयासानें साधते ती अपुऱ्या झोपेनें आणि सततच्या ताणानें थकलेल्या एखाद्या मुलीनें केवळ मतांसाठीं उभी केली असें म्हणण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें, हें बरें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. रंगभूमीवरील शोक आपण कां आस्वादूं शकतों? भट्टनायक व अभिनवगुप्त ह्या काश्मीरी आचार्यांनीं त्याचें उत्तर 'साधारणीकरण' ह्या शब्दानें दिलें. नाटकांतील दुःख कोण्या एका व्यक्तीचें राहत नाहीं. तें 'माझें' नसतें आणि 'ह्या अमक्याचें' ही नसतें. त्यामुळें त्याच्या निवारणार्थ उठून धांवण्याचें कर्तव्यही आपल्यावर येत नाहीं. शोक हा स्थायीभाव अशा रीतीनें व्यक्तीपासून सुटतो, तेव्हांच तो करुण रसाच्या पदवीस पोंचतो. परंतु ज्या दुःखाला मालक आहे, ज्याचें नांव आपणांस ठाऊक आहे, ज्याची आई गांवाकडे तेंच चित्र पाहत बसली आहे, तें दुःख रस होत नाहीं. तें शोकच राहतें. आणि शोकासमोर आस्वादकाची जागा नाहीं, केवळ सोबत्याची आहे. रिॲलिटी शोचें सारें कौशल्य ह्यांत आहे कीं तो खरा शोक रंगभूमीच्या दिव्यांत ठेवतो आणि आपण त्याला रस समजून बसतों. 'हें खरें आहे' म्हणून आपण पाहतों आणि 'हें खोटें आहे' म्हणून हंसतों. एकाच बैठकींत दोन्ही विधानें करतों.

ह्या घोटाळ्याची किंमत कोणास द्यावी लागते, ह्याचीं दोन उदाहरणें देतों. स्कॉटलंडमधील सूझन बॉइल ही अविवाहित बाई २००९ सालीं 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' ह्या कार्यक्रमांत गावयास उभी राहिली. तिचें वय सत्तेचाळीस, वेश साधा. गाण्यापूर्वीं प्रेक्षकांत हंसण्याची कुजबुज झाली. गाणें सुरू होतांच तेच प्रेक्षक उठून टाळ्या वाजवूं लागले, आणि थोड्याच दिवसांत जगभर तिचें नांव झालें. त्याच वर्षीं ३० मे रोजीं अंतिम फेरींत ती दुसरी आली, आणि दुसऱ्याच दिवशीं तिला लंडनमधील एका खासगी मनोरुग्णालयांत दाखल करावें लागलें. पुढें ती सांवरली व तिच्या गाण्यांना मोठें यश लाभलें. लहानपणीं तिच्या मेंदूस इजा झाली आहे असें सांगण्यांत आलें होतें; वास्तविक आपल्याला ॲस्पर्जर नांवाची अवस्था आहे, हें निदान झाल्याचें तिनें २०१३ सालीं जगास सांगितलें. आरंभींचें तें हंसणें आणि नंतरचा तो जयघोष, दोहोंमध्यें एक गोष्ट समान होती: ही बाई आंतून कशी आहे, हें विचारण्याची गरज कोणासच वाटली नव्हती.

दुसरें उदाहरण अधिक दारुण आहे. जपानमधील हाना किमुरा ही तरुण व्यावसायिक कुस्तीगीर 'टेरेस हाऊस' ह्या कार्यक्रमांत होती. तिचा आखाड्यांतील मोलाचा पोशाख सहनिवासी तरुणाच्या हातून धुण्यांत आटला. ती संतापली व तिनें त्याच्या डोक्यावरची टोपी उडविली. कोणत्याही घरांत संध्याकाळपर्यंत विसरला जाईल असा हा प्रसंग. पण तो प्रसारित झाल्यावर अनोळखी लोकांनीं तिच्यावर विखारी शब्दांचा वर्षाव केला, आणि २३ मे २०२० रोजीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, तिनें आपलें जीवन संपविलें. तिच्याविषयीं अपमानकारक लिहिणाऱ्या दोघांना प्रत्येकीं केवळ नऊ हजार येन दंड झाला. तिच्या मातेनें हा विषय लावून धरला, आणि २०२२ सालीं जपाननें अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कारावास किंवा तीन लाख येनपर्यंत दंड अशी केली. ब्रिटनमध्येंही २०१९ सालीं संसदीय समितीनें अशा कार्यक्रमांची चौकशी आरंभिली व २०२१ पासून तेथील प्रसारण-नियामक ऑफकॉमनें सहभागी व्यक्तींच्या हिताची काळजी घेणें वाहिन्यांस बंधनकारक केलें. कायदा आला हें ठीकच; परंतु कायदा वाहिनीला बांधतो. तक्क्याला टेकून बोलणाऱ्या जिभेला बांधण्याचें काम घरानेंच करावयाचें असतें.

येथें कोणी म्हणेल, "ते स्वखुषीनें गेले, करारावर सही केली, पैसेही घेतले, मग दया कशाची?" पहिलवान स्वखुषीनेंच आखाड्यांत उतरतो, विजयाचें बक्षीसही घेतो, म्हणून त्याचा हात मोडला असतां टाळ्या वाजविण्याचा अधिकार प्रेक्षकांस मिळतो काय? संमति ही खेळास असते, वेदनेच्या उपहासास नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, "कांहीं स्पर्धक खरोखरच ढोंग करतात." करीतही असतील. पण पलंगावर बसून ढोंगी कोण व दुःखी कोण हें ओळखण्याचें साधन आपणांजवळ नाहीं. तेव्हां कोणती चूक परवडते, एवढाच हिशेब उरतो. ढोंग्याची कींव केली तर आपलें कांहीं जात नाहीं. खऱ्या दुःखिताला ढोंगी म्हटलें, तर जातें.

आणि कोणाचें जातें हें नीट पाहिलें पाहिजे. आपला शेरा त्या स्पर्धकाच्या कानीं बहुधा पोंचत नाहीं; तो पोंचतो शेजारच्या खोलींत दार लोटून अभ्यासास बसलेल्या मुलाच्या कानीं. एकत्र कुटुंबांत भिंतींना कान असतात, आणि ते बहुधा धाकट्यांचे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्याच्या छातींत अशीच धडधड झाली असेल. नुकत्याच घरांत आलेल्या सुनेला स्वयंपाकघरांत एकटी असतांना अशीच घेरी आली असेल. आजोबा त्या रडणाऱ्या मुलीस काय म्हणाले, आणि सासूबाई त्यावर हंसल्या कीं गप्प राहिल्या, हें तीं मुकाट्यानें टिपून ठेवतात आणि आपलें दुःख कोणास सांगावें व कोणास सांगूं नये हें त्यावरून ठरवितात. बत्तीस वर्षें वर्गावर काढल्यानंतर मी एवढें खात्रीनें सांगतों कीं वक्तृत्वस्पर्धेंत एक मुलगा अडखळला असतां जो वर्ग हंसतो, त्या वर्गांत पुढच्या वर्षीं नांव देणारीं मुलें निम्मीं होतात. हंसणें एकाला, पण धडा सर्वांना.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. असें दृश्य लागलें तर 'नाटक' हा शब्द उच्चारूं नये. त्याची चित्रफीत व्हॉट्सॲपवरून गंमत म्हणून पुढें धाडूं नये. घरांतच कोणास असा झटका आला तर 'उगाच कांहीं तरी', 'मन घट्ट कर' असें न म्हणतां जवळ बसावें, हळू आवाजांत बोलावें, श्वास सावकाश सोडण्यास सांगावें, आणि हें थोड्या वेळांत ओसरेल असा धीर द्यावा. झटका प्रथमच आला असेल किंवा छातींत दुखत असेल, तर हृदयाचा विकार नाहीं ह्याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यांत कसलाही कमीपणा मानूं नये, कारण हा विकार उपचारांनीं आटोक्यांत येतो. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनिसेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथें मराठींतही बोलतां येतें. हा क्रमांक घरच्या दूरध्वनीच्या वहींत दूधवाल्याच्या क्रमांकाशेजारीं लिहून ठेवावा.

कार्यक्रम पाहूंच नका, असा उपदेश करावयाचें माझ्या मनांत नाहीं. तो कोणी ऐकणारही नाहीं. पहावयाचाच तर एक करावें. कोणी कोसळून रडूं लागला म्हणजे आपली दृष्टि सहजच त्याच्या चेहऱ्याकडे जाते, कारण कॅमेराही तिकडेच जातो. त्या वेळीं चौकटीच्या कडेला पाहावें. बहुधा तेथें एखादा सोबती पाण्याचा पेला घेऊन येत असतो, पाठीवर हात ठेवून कांहीं न बोलतां बसत असतो. त्याला त्या क्षणासाठीं कोणी मत देत नाहीं आणि जाहिरातींतून तर तो बहुधा कापलाच जातो. शेजारीं बसलेल्या नातवंडांना तो दाखवावा, आणि त्याचें नांव काय, हें त्यांना विचारावें.