अपडेट कंपनीचे, भुर्दंड ग्राहकाला का?

मा. संपादक,


‘संगणकाचे प्रत्येक अपडेट आले की लगेच घ्या’ हा आपल्या पुरवणीतला सल्ला वाचला. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. अपडेट घेतल्यानंतर मशीन बंद पडू लागले तर काय करायचे आणि तो खर्च कोणी सोसायचा, याबद्दल त्यात अक्षरही नव्हते. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणारी माणसे नेमके हेच विचारतात.

अलीकडेच एका कर सल्लागारांचा लॅपटॉप आला. विंडोजच्या नेहमीच्या अपडेटबरोबर त्यात बायोसचे, म्हणजे फर्मवेअरचे, अपडेट आले होते. ते बसले आणि दुसऱ्या दिवसापासून निळी स्क्रीन सुरू झाली. जीएसटी विवरणपत्रे भरायची मुदत तोंडावर आलेली. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने आधी फॉरमॅट मारला. उपयोग झाला नाही, तेव्हा ‘बोर्ड गेला, वॉरंटी संपली’ असे सांगून नव्या लॅपटॉपच्या जवळपास निम्म्या किमतीचा अंदाज हातात दिला. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसची आधीची आवृत्ती उपलब्ध होती. ती टाकल्यावर लॅपटॉप पूर्ववत झाला आणि अजून नीट चालतो आहे. एकही भाग बदलावा लागला नाही.

फॉरमॅटचा उपयोग का होत नाही, हे प्रत्येक ग्राहकाला माहीत असले पाहिजे. फर्मवेअर हार्ड डिस्कवर नसतेच. ते मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते. डिस्क कितीही वेळा पुसली तरी त्या चिपमधले अक्षरही हलत नाही. म्हणजे दोष बायोसच्या अपडेटमध्ये असेल, तर फॉरमॅटने दोष तिथेच राहतो आणि माणसाचा डेटा मात्र जातो. त्याहून वाईट म्हणजे, डिस्कला बिटलॉकर लावलेले असेल तर बायोस बदलल्यावर विंडोज पुष्कळदा 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती की बहुतेक वेळा ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते न विचारता ‘लॉक झालंय, पुसावं लागेल’ असे सांगून वर्षांचे हिशेब, लग्नाचे फोटो, शाळेचे निकाल उडवले जातात. मला याचा मनापासून संताप येतो.

दुसरा नेहमीचा प्रकार इव्हेंट व्ह्यूअरचा. त्यातली ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद दाखवून ‘पॉवर सप्लाय बदला’ म्हणतात. ती नोंद एवढेच सांगते, की मशीन रीतसर बंद न होता अचानक पुन्हा सुरू झाले. कशामुळे, हे ती सांगत नाही. वीज गेली, रॅम अडखळली, बायोस बिघडले, सगळ्याला नोंद तीच पडते. ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी असतील तर प्रोसेसर किंवा मेमरीकडे बोट दाखवता येते; पण तिथवर बघायला कुणाला वेळ नसतो.

खरे तर पहिला प्रश्न अगदी साधा आहे: बंद पडायला लागले त्याच्या आधी काय बदलले? विंडोजच्या अपडेट हिस्टरीत फर्मवेअरची नोंद तारखेसह असते. रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये बंद पडण्याच्या तारखा दिसतात. या दोन्ही तारखा जुळल्या, की संशय आधी अपडेटवर घ्यायचा. बायोसमध्ये जाऊन मूळ सेटिंग लावून पाहायचे. रॅमला प्रमाणित वेगापेक्षा जास्त पळवणारी एक्सएमपी सेटिंग चालू असेल तर बंद करायची, कारण जुन्या आवृत्तीने पेललेला वेग नवी आवृत्ती पेलेलच असे नाही. अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नसेल तर डिस्कची पद्धत आरएआयडीवरून एएचसीआयवर किंवा उलट बदलली गेली का, हे बघायचे. रॅमची एकेक पट्टी लावून मेमटेस्ट रात्रभर चालवायची. डीडीआर-5 रॅमच्या नव्या मशीनमध्ये बायोस बदलल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो, कारण बोर्ड रॅमची जुळवणी नव्याने करत असतो. त्या वेळी घाबरून वीज तोडू नये. एवढे सगळे करूनही जमले नाही तर जुनी आवृत्ती. बोर्डाचा विषय त्यानंतरचा.

कंपन्या म्हणतील, अपडेटमुळे मशीन बिघडते हा गैरसमज आहे. जानेवारी 2018 आठवावा. स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी जाहीर झाल्यावर इंटेलने घाईने मायक्रोकोड दिला आणि मशिने आपोआप रीस्टार्ट होऊ लागली. आधी ब्रॉडवेल आणि हॅसवेल पिढीच्या प्रोसेसरवर तक्रारी आल्या. 22 जानेवारीला इंटेलनेच संगणक कंपन्यांना ते अपडेट देणे थांबवायला सांगितले. त्या कंपन्यांनी आपापली बायोस मागे घेतली आणि मायक्रोसॉफ्टला त्यातले एक संरक्षण बंद करणारे वेगळे अपडेट तातडीने काढावे लागले. प्रोसेसर बनवणारी जगातली एवढी मोठी कंपनी जाहीरपणे चूक मान्य करते, तर आपल्याकडच्या सेवा केंद्राच्या काउंटरवर ‘अपडेटमुळे असं होतच नाही’ हे वाक्य कशाच्या आधारावर ऐकवले जाते?

म्हणून बायोस अपडेट करूच नका, असे मी मुळीच म्हणत नाही. उलटे उदाहरणही त्याच कंपनीचे आहे. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेरच्या व्होल्टेजमुळे झिजून मशिने कोसळत होती. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावरचा मायक्रोकोड बायोस अपडेटमधूनच आला. ज्यांनी तो घेतला नाही, त्यांच्या प्रोसेसरला धोका कायम राहिला. आणि आधीच झालेली झीज त्याने भरून येत नाही. पण तिथे इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. माझे म्हणणे एवढेच आहे: दोष कंपनीच्या बाजूचा असेल तेव्हा खर्च तिनेच उचलायचा, हा नियम फर्मवेअरच्या प्रत्येक अपडेटला लागला पाहिजे, वॉरंटी संपली असली तरी. अपडेट वॉरंटीनंतर आले, ते कंपनीने पाठवले, ग्राहकाला नीट विचारलेही नाही. मग त्याचा परिणाम वॉरंटीबाहेरचा कसा?

काही मशिने बायोसच्या जुन्या आवृत्तीवर परतूच देत नाहीत. त्यामागे सुरक्षेचे कारण असते, हे मला मान्य आहे. जुन्या बायोसमधली त्रुटी चोराला पुन्हा उघडून द्यायची नसते. पण मग दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत मशीन चालते ठेवण्याची जबाबदारीही कंपनीचीच ठरते. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2018 मध्येच फर्मवेअरसाठी संरक्षण, बिघाड ओळखणे आणि पूर्ववत करणे अशी तिन्ही अंगे सांगितली आहेत. आपल्याकडे कंपन्या पहिल्याचे नाव घेतात आणि तिसरे गिऱ्हाइकाच्या खिशावर सोडतात.

फर्मवेअर इतर अपडेटच्या गठ्ठ्यात येऊ नये. ते वेगळे दाखवावे, काय बदलणार आहे हे मराठीत सांगावे, बिटलॉकरची की जवळ आहे का हे आधी विचारावे. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. लॅपटॉप निदान चार्जर लावल्याशिवाय बहुधा अपडेट सुरू करत नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेटच्या मध्येच वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते आणि मशीन चालूच होत नाही. ही सूचना पडद्यावर ठळक का नसावी?

ग्राहकांनीही गप्प बसू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. अपडेटची तारीख, बायोसची आधीची आणि आताची आवृत्ती, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि सेवा केंद्राचा लेखी अंदाज जपून ठेवावा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क लागत नाही, म्हणजे घरगुती लॅपटॉप त्यात सहज बसतो. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. तिथे सुटे भाग आणि वॉरंटीबरोबर प्रत्येक मॉडेलच्या जुन्या बायोस आवृत्त्याही मिळाल्या पाहिजेत.

आणि शाळा, ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा दरवर्षी संगणक घेतात. खरेदी समितीतल्या मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की निविदेत रॅम आणि डिस्कच्या ओळींखाली आणखी एक ओळ घालावी: कंपनीच्या फर्मवेअर अपडेटनंतर बिघाड झाल्यास, वॉरंटी असो वा नसो, दुरुस्ती मोफत. ही अट लेखी देणाऱ्या कंपनीकडूनच खरेदी करावी.

आपला,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक