रानात घर न्या, पण आधी जमीन पहा



सौंदडच्या बैठकीला महामार्गाने येताना ट्रेलरवर लादलेली पत्र्याची तयार घरे तुम्हीही पाहिली असतील. भिंती, खिडक्या, दिव्यांची वायर, सगळे कारखान्यातच बसवलेले. 'पैसे मोजा, सकाळी घर उतरवून देतो,' असे विकणारा सांगतो. ज्याला रानडुकरांपायी जागलीला जावे लागते, पंपाला वीज रात्रीची मिळते, त्याला हे बोलणे गोड लागणारच. मचाणावर रात्री काढणाऱ्याला चार भिंती हव्यात, यात गैर काहीच नाही. पण घर विकत मिळते, त्याखालची जमीन ट्रेलरवर येत नाही.

आमचीच फजिती सांगतो. बियाणे ठेवायला आणि मुक्कामाला आम्ही अशी एक खोली घेतली. शेतकीची पदवी गाठीशी असून ती भर काळ्या रानात चार सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवली. जमीन कसली, हे विकणाऱ्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. मृगाचा पाऊस झाला, माती फुगली, एक कोपरा खचला आणि दार अडकले. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे आम्हीच सभांतून सांगत होतो!

म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खणा. त्याहून बरे म्हणजे बांधाकडेचा भरड तुकडा निवडा. पिकाची जागाही वाचते. पेटी हलकी असते, वादळात हलू नये म्हणून ती पायाला बोल्टने जखडा. ट्रेलर आणि क्रेन पांदणीने जाते का, ते उन्हाळ्यातच पाहून घ्या. नुसत्या एकेरी पत्र्यात मे महिन्यात बसवत नाही. दोन पत्र्यांत थर भरलेली भिंत मागा आणि वर पोकळी ठेवून दुसरे छप्पर घाला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरच्या घरांत ठेवले. तातडीचा आसरा म्हणून ते योग्यच होते, पण तिथे त्यांना वर्षाहून अधिक काळ काढावा लागला. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर जमिनीच्या मानाने २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची पक्की घरे दिली. बैल, कडबा आणि अवजारे कुठे ठेवायची, याचा विचार कमी पडला. लोकांनी मग स्वतःच पत्रे मारून जागा वाढवली. दोन्हींचा धडा एकच: तात्पुरते म्हणून आणलेले लांबते, आणि शेतकऱ्याचे घर म्हणजे नुसती झोपायची खोली नव्हे.

कायद्याची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतातल्या इमारतीची जी व्याख्या आहे, तीत शेतकऱ्याच्या कुटुंबाचे राहणेही येते. शहरांच्या हद्दीत आणि लगत मात्र परवानगी लागते. त्याच खोलीत ढाबा काढला किंवा ती भाड्याने दिली, तर ती शेतीची राहत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. शेतजमिनीवरच्या अशा घराला बँक बहुधा गृहकर्ज देत नाही. मग विकणारा स्वतःच हप्ते बांधून देतो, चढ्या व्याजाने. पत्रा गंजत जातो, व्याज गंजत नाही. कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या भरवशावर असा हप्ता बांधू नका. विहिरीला, पंपाला, ट्रॅक्टरला कर्ज मिळते. मग त्या विहिरीची आणि पिकाची राखण करणाऱ्याच्या निवाऱ्याला का मिळू नये? हा ठराव आम्ही बैठकीत मांडणार आहोत.

ज्यांनी घर ठरवले असेल त्यांनी सातबारा आणि विकणाऱ्याचा दराचा कागद सोबत आणावा. सही करण्याआधी मिळून वाचू.