कुलूपबंद घरे आणि भाडेकरूची वणवण

वनवासी रामाने पर्णकुटी बांधली ती पंचवटीत, असे परंपरा सांगते. त्या कुटीसाठी त्याला ना अनामत भरावी लागली, ना दलाली. आज बदली होऊन पंचवटीत येणाऱ्या शिक्षकाची वा कारकुनाची कथा निराळी आहे. दिंडोरी नाक्यापासून हिरावाडीपर्यंत पायपीट करताना कुलूपबंद सदनिका त्याला दिसतात. मिळत मात्र नाहीत. हा अनुभव केवळ नाशिकचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. टंचाई आणि रिकामी घरे एकत्र नांदतात, याचे एक मोठे कारण मालकाच्या मनातील भीती हे आहे.

ही भीती अनाठायी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला जखडली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते. परंतु महागाई वाढत गेली तरी भाडे हलेना. मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने घर सोडले नाही, आणि पंचवटीतील जुने वाडे दर पावसाळ्यात धोकादायक ठरू लागले. भाडे गोठविणाऱ्या या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत, असा निर्वाळा अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या राज्य कायद्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली. मुदत संपल्यावर परवानाधारक घर सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असेही कलम ५५ सांगते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही सर्रास आढळणारी समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे किती भाडेकरूंना ठाऊक असते?

स्वीडनमध्येही घर सहजी मिळत नाही. स्टॉकहोमच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबावे लागते. परंतु तेथे नगरपालिकांच्या गृहकंपन्या घरे भाड्याने देतात, भाडे भाडेकरू संघटनेशी वाटाघाटी करून ठरते, आणि रांगेतील क्रम सामान्यतः प्रतीक्षेच्या दिवसांवर लागतो.

आपल्याकडे क्रम बहुधा आडनावावर लागतो. ज्या पंचवटीत १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह झाला, तेथे घराच्या दारात आजही जात, धर्म आणि आहार यांची चौकशी होते. एकट्या स्त्रीची अधिकच. अस्पृश्यतेपोटी कोणाच्या निवासाला आडकाठी करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; पण नकाराचे खरे कारण कोणी उच्चारत नाही. ‘घर आताच गेले’ एवढे म्हटले की काम भागते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरांची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. पगारदार कुटुंबाला तो मोठाच दिलासा ठरेल. त्याच्या जोडीला महापालिकेने भाड्याने द्यावयाच्या घरांची सार्वजनिक नोंदवही ठेवावी आणि अर्जांचा क्रम तारखेने लावावा. मालकाची भीती दूर करणे हे कायद्याचे काम होते; ते बऱ्याच अंशी झाले आहे. भाडेकरूचा अपमान थांबविण्याचे काम मात्र अद्याप कोणीच अंगावर घेतलेले नाही.