‘चारात एक’ म्हणजे नेमके किती?

पहिले मूल सिकलसेलचे रुग्ण निघाले, की आईवडिलांची तपासणी होते. दोघेही वाहक असल्याचे कळते आणि त्यांना सांगितले जाते, की तुमच्या मुलांना हा आजार होण्याची शक्यता ‘चारात एक’ आहे. सांगणाऱ्याचे काही चुकत नाही. ऐकणारे मात्र पुष्कळदा निराळेच ऐकतात. चारात एक म्हणजे चार मुलांतले एक. ते एक तर होऊन गेले. आता पुढची तीन सुखरूप. ज्यांच्या पदरी पहिले मूल निरोगी पडले आहे, त्यांचा हिशेब याच्या उलटा चालतो. तिथे ‘आपल्याला काही होत नाही’ असा धीर येतो, नाहीतर ‘आता पुढच्यावर आले’ अशी धास्ती बसते. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर पुढच्या मुलाचा निर्णय घेतला जातो.

हा घोळ निस्तरायला लागणारे गणित वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, शाळेतच शिकवले जाते. गोल तबकडी, तिच्यावर आखलेले भाग आणि मध्ये फिरणारा बाण. बाण अमुक भागावर थांबण्याची संभाव्यता काढा, हे गणित संभाव्यतेच्या धड्यात ठरलेले असते. परीक्षेत ते सोपे म्हणून सोडवले जाते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. त्यातल्या दोन-तीन गोष्टी मात्र विसरण्याजोग्या नाहीत.

पहिली गोष्ट, भाग किती आहेत हे मोजून चालत नाही. प्रत्येक भाग किती रुंद आहे ते पाहावे लागते. जत्रेत चक्र फिरवून बक्षीस देणाऱ्याचा सगळा धंदा या फरकावर उभा असतो. चक्रावर चार नावे लिहिलेली दिसली, की गिऱ्हाईक मनात म्हणते, चारातली एक संधी आपली. पण पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, आणि बक्षिसाची फाक जर १८ अंशांचीच असेल, तर ती संधी विसात एक आहे. ‘लागेल किंवा नाही लागणार, म्हणजे निम्मे-निम्मे’ हे म्हणणेही त्याच चुकीचे भावंड. दोन शक्यता असल्या म्हणून त्या सारख्या वजनाच्या असतात असे नाही. समान भागांची तबकडी असेल तरच नुसती मोजणी पुरते.

आता हीच तबकडी वाहक जोडप्यासमोर ठेवावी. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती सांगणारे जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. सिकलसेलमध्ये त्या साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, लहान रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. एरवी सुमारे १२० दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रुग्ण. एकच सदोष असेल तर वाहक. वाहकाला सहसा काहीही त्रास नसतो आणि त्याला ते ठाऊकही नसते.

वाहक आईची तबकडी म्हणजे दोन समान अर्धुके, एक चांगल्या प्रतीचे, एक सदोष प्रतीचे. वाहक वडिलांची तशीच. मूल राहते तेव्हा दोन्ही तबकड्यांचे बाण एकेकदा फिरतात. दोन्ही सदोष भागावर थांबण्याची संभाव्यता अर्ध्याचे अर्धे, म्हणजे पाव. दोन्ही चांगल्या भागावर थांबण्याचीही पाव. उरलेल्या अर्ध्यात एक चांगली आणि एक सदोष, मग सदोष प्रत आईची असो वा वडिलांची. दोन तबकड्या मिळून एकच मोठी तबकडी काढली तर तिच्यावर ९० अंश लाल, १८० अंश पिवळे आणि ९० अंश पांढरे. लाल म्हणजे रुग्ण, पिवळे म्हणजे वाहक, पांढरे म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. शक्यता तीन आहेत, पण त्या तीन सारख्या फाका नाहीत. जत्रेतली गफलत इथेही होते ती अशी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बाणाला आधीचे काही आठवत नाही. पहिल्या खेपेला तो लालावर थांबला म्हणून दुसऱ्या खेपेला तबकडीवरचा लाल भाग पुसला जात नाही, की वाढतही नाही. दुसऱ्या मुलाला धोका पाव, तिसऱ्याला पाव, चौथ्यालाही पावच. माणसाच्या मनाला हे पटणे जड जाते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या जुगारगृहात रुलेटचा गोळा लागोपाठ २६ वेळा काळ्या घरात पडला. ‘आता तरी लाल येणारच’ म्हणत लोक लालावर पैसे वाढवत गेले आणि बुडाले. सव्विसाव्या फेरीतही काळ्याची संभाव्यता पहिल्या फेरीइतकीच होती, ३७ पैकी १८. तिथे पैसा गेला. इथे पणाला एक आयुष्य असते, वारंवार रुग्णालयात भरती होणारे, रक्त चढवून घ्यावे लागणारे.

मग ‘चार मुलांत एक’ हे कधी तरी खरे ठरते का? ठरते, पण फार मोठ्या संख्येत. ग्रेगोर मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगात ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हजारो दाण्यांत प्रमाण जुळून येते. एका घरात मात्र बाण दोनदा फिरतो, फार तर तीनदा, आणि एवढ्या थोड्या खेपांत काहीही होऊ शकते. वाहक जोडप्याला चार मुले झाली, तर नेमके एकच रुग्ण असण्याची संभाव्यता २५६ पैकी १०८, म्हणजे सुमारे ४२ टक्के. अशा सुमारे ३२ टक्के घरांत एकही मूल रुग्ण नसेल आणि सुमारे २६ टक्के घरांत दोन किंवा अधिक असतील. ज्या घरात दोन्ही मुले रुग्ण आहेत त्याच्या नशिबाला काही विशेष शाप लागलेला नसतो. ते पाव गुणिले पाव, सोळात एक, एवढेच असते. शेजारच्या घरातल्या सासूने सुनेला बोल लावण्याआधी हे ऐकून घ्यायला हवे. दोन्ही तबकड्यांचे बाण फिरल्याखेरीज लाल येत नाही, त्यामुळे दोष एकट्या आईच्या माथी मारण्याला गणितात तरी जागा नाही.

सल्ला देताना आणखी एक आकडा सांगायला हवा, तो क्वचितच सांगितला जातो. प्रश्न ‘या मुलाला धोका किती’ एवढाच नसतो. ‘दोन मुले झाली तर त्यांतले निदान एक रुग्ण असण्याची शक्यता किती’ हाही असतो. दोन्ही वाचण्याची संभाव्यता तीन चतुर्थांश गुणिले तीन चतुर्थांश, सोळात नऊ; म्हणून निदान एक रुग्ण असण्याची सोळात सात, सुमारे ४४ टक्के. तीन मुलांसाठी ती ५८ टक्क्यांच्या घरात जाते. ‘पंचवीस टक्के’ ऐकून जोखीम पत्करणारे जोडपे ‘जवळजवळ निम्मे’ ऐकून कदाचित थांबून विचार करेल. निर्णय त्यांचाच, पण तो अर्ध्या आकड्यावर घ्यायला लावणे बरे नव्हे.

रुग्णाच्या धडधाकट भावंडांचा हिशेब तर सुशिक्षितांनाही चकवतो. भाऊ रुग्ण आहे, बहीण ठणठणीत आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात, निम्मी. पण ती रुग्ण नाही हे आधीच माहीत आहे, तेव्हा तिच्या तबकडीवरचा लाल भाग कापून टाकायला हवा. उरले २७० अंश, त्यांतले १८० पिवळे. म्हणजे तिनात दोन. भाऊ आजारी आणि आपण निरोगी म्हणून सुटलो असे मानणाऱ्या या बहिणी-भावांची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. समजा, तिचे लग्न जिथे ठरते आहे त्या समाजात दहांत एक जण वाहक आहे आणि दोघांपैकी कुणीच तपासणी केलेली नाही. तर त्यांच्या पहिल्या मुलाला आजार होण्याची संभाव्यता दोन तृतीयांश गुणिले एक दशांश गुणिले एक चतुर्थांश, साठात एक. दोघांची तपासणी झाली, की ही साठात एक उरत नाही. ती शून्य होते किंवा चारात एक होते. तपासणीने रक्त बदलत नाही. आपल्या हातात तबकडी कोणती आहे ते कळते.

महाराष्ट्रात हा प्रश्न नंदुरबार-धुळ्यापासून मेळघाट, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंत पसरलेला आहे. तो केवळ आदिवासींचा असल्याचा समजही खरा नाही, विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आढळतो. भारतातली पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतून झाली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत अनेक दशके या आजारावर काम केले; त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारची राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल इथून सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तपासण्या होणे आवश्यकच आहे. पण तपासणीचा आकडा कागदावर चढतो, समजावण्याचा चढत नाही. हातात कार्ड पडले आणि त्यावरच्या ‘एएस’ या दोन अक्षरांचा अर्थ कळला नाही, तर ते कार्ड ट्रंकेत जाते.

किंवा त्याहून वाईट म्हणजे, अर्थ उलटा कळतो. वाहक म्हणजे रोगी, असे समजून मुलीचे जमलेले लग्न मोडले जाते. तिथेही तबकडीच काढून दाखवावी. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मोठ्या तबकडीवर अर्धे पिवळे, अर्धे पांढरे. लाल भाग औषधालाही नाही. त्या लग्नातून सिकलसेलचे रुग्ण मूल होत नाही. टाळायचे ते वाहक माणसाला नव्हे. विचार करायचा तो दोन वाहकांनी एकत्र येण्यापूर्वी. आणि दोघांनी सगळे जाणून लग्न केलेच, तर त्यांनाही पुढचे मार्ग आहेत.

तपासणीतही एक खाच आहे. गावपातळीवर केली जाणारी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. शिवाय जोडप्यातला एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळून आजार होण्याची संभाव्यता पावच असते. थॅलेसेमियाचा वाहक विद्राव्यता चाचणीत सापडत नाही. एकाचा अहवाल ‘सिकल नाही’ असा आला म्हणून निर्धास्त होणे त्यामुळे घाईचे ठरते. जोडीदार वाहक निघाला असेल तर दुसऱ्याची एचपीएलसी व्हायलाच हवी.

या सगळ्याला वेळेचे बंधन आहे. दोघेही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन करता येते. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही सर्वत्र नाही, मोठ्या शहरात जावे लागते. गरोदरपणाची नोंदणी तिसऱ्या महिन्यात झाली, मग आईची तपासणी, तिचा अहवाल, मग वडिलांना कामावरून बोलावणे, या क्रमाने ती मुदत हातची निघून जाते. म्हणून पहिल्याच भेटीत दोघांचेही रक्त एकदम घेतले पाहिजे, आणि त्याहून चांगले म्हणजे शाळा-महाविद्यालयात, लग्नाची बोलणी सुरू होण्याच्या कितीतरी आधी. दहावीच्या वर्गात तबकडी शिकवणाऱ्या शिक्षकांनी नंदुरबारमध्ये आणि गडचिरोलीत एक गणित या लाल-पिवळ्या-पांढऱ्या तबकडीचे घालायला काय हरकत आहे? त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत पुठ्ठ्याची तबकडी आणि टाचणीवर फिरणारा बाण असावा, एवढी तरतूद तर तालुका पातळीवरही होऊ शकते. तो बाण आईवडिलांच्या हाती देऊन दहा-बारा वेळा फिरवू द्यावा. लागोपाठ दोनदा लाल येताना एकदा पाहिले, की ‘एक झाले, आता तीन सुखरूप’ असे म्हणायला जीभ रेटत नाही.