काचेच्या पेटीतला ऋतू

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात खाऊची पाकिटे सापडली. आत खाऊऐवजी अकरा साप होते : नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक. जून २०२५ मध्ये त्याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाकडे ४७ विषारी साप मिळाले. अशा बातम्या आपण चहाबरोबर वाचतो, ‘काय एकेक लोक असतात!’ असे म्हणतो आणि पान उलटतो. पण माल खपतो म्हणून माल येतो. डिसेंबरातले ते साप अखेर कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत जाणार होते. त्या पेटीत पुढे त्यांचे काय होते, हे बातमीत कधीच नसते. मला त्या पेटीबद्दलच लिहायचे आहे.

कायदा आधी सांगून टाकतो. नाग, धामण, घोणस, अजगर हे आपले साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी किमान तीन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. परदेशी जातींची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ज्यांच्याबाबत निर्बंध आहेत, असे प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंदणी करावी, यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम केले आणि सहा महिन्यांची मुदत दिली. बॉल पायथन त्या यादीत येतो, कॉर्न स्नेक येत नाही. म्हणजे दाराला फट आहे. पण समजा, फट नाही, सगळे कागद चोख आहेत. तरी कागद चोख झाला म्हणून काचेमागची हवा सुधारत नाही. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, हे आपण शाळेत शिकलो. ‘थंड रक्ताचा प्राणी’ या शब्दांमुळे मात्र आपला एक गैरसमज होतो, की त्याला ऊब लागतच नाही. उलट आहे. त्याला ऊब आपल्याइतकीच लागते. फक्त ती त्याला बाहेरून मिळवावी लागते. भक्ष्य गिळल्यावर पचवायला उष्णता लागते. अंग गार राहिले तर गिळलेले पोटात कुजते किंवा उलटून पडते. कात टाकायला दमटपणा लागतो. हवा कोरडी असेल तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला आवळून बसते, डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच राहतो.

अलोऱ्याच्या आसपास हे काम साप कसे करतो, ते पाहण्यासाठी अभ्यासक व्हावे लागत नाही. सकाळी जांभ्याच्या गडग्यावर ऊन येते, तिथे तो अंग शेकतो. दगड तापला की गडग्याच्या फटीत शिरतो. मे महिन्यात कातळ भाजतो, तेव्हा बिळात किंवा वारुळात खोल जातो. तिथली हवा गार आणि ओलसर असते. पावसात बिळे भरली की उंचवट्यावर, गवताच्या गंजीखाली, कधी आपल्या पडवीत येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात ऋतू केवढे बदलतात! पण त्याला त्याचे काही वाटत नाही, कारण चार हातांवर दुसरी हवा असते. एका गडग्यात दहा हवामाने असतात आणि त्यातले कोणते हवे, ते साप ठरवतो.

पेटीत त्याला हा निवाडा करता येत नाही. म्हणून जाणकार पाळणारे पेटीचा एक कोपरा गरम आणि दुसरा गार ठेवतात. बॉल पायथनसाठी गरम टोक साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार टोक २५ ते २७, हवेतली आर्द्रता ५० ते ६० टक्के आणि कात टाकायच्या दिवसांत त्याहून जास्त. आकडे वाचायला सोपे आहेत, सांभाळायला नाहीत. कारण ऊब आणि दमटपणा ही सवतींसारखी असतात. खोलीत २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता आहे, असे धरा. तीच हवा पाणी न घालता ३२ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. दिवा लावून ऊब दिली, की दमटपणा आपण होऊन पळाला. वातानुकूलित खोलीतली हवा आधीच कोरडी. तिथे हा खेळ आणखी बिघडतो. मग पाळणारा दिवसातून चार वेळा पाणी फवारतो, झाकणाची जाळी बंद करतो. आता वारा थांबतो, तळाचा भुसा ओला राहतो आणि सापाच्या पोटाकडच्या खवल्यांवर फोड येतात. हवा कोंदली की छातीचा विकार होतो. कोरडेपणा टाळायला गेले की कुजणे येते.

तळाला गरम चटई ठेवण्याची पद्धत आहे. तिला तापमान रोखणारा थर्मोस्टॅट नसेल तर ती भाजते. आणि साप भाजत असला तरी दर वेळी वेळेवर बाजूला सरकत नाही. 

बँकेत असताना कुक्कुटपालनाच्या कर्जांची पाहणी करायला मी अनेक शेडमध्ये गेलो आहे. पिल्लांवर दिवे टांगलेले असत. जुना कोंबडीवाला थर्मामीटरकडे बघतच नसे. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली की गारठली, भिंतीकडे पांगली की उकडते आहे, मोकळी फिरताहेत आणि चिवचिव शांत आहे की ठीक. पिल्लू सांगते. साप सांगत नाही. तो ओरडत नाही, शेपूट हलवत नाही, मालकाकडे बघत नाही. आजारी साप आणि विश्रांती घेणारा साप नवख्याला सारखेच दिसतात. त्याने जेवण सोडले आहे हे लक्षात येईपर्यंत दिवस गेलेले असतात. मुक्या जनावराबद्दल आपण हळहळतो. हा तर मुक्यांतला मुका.

आणि ऊब या विषयात तो आपल्यापेक्षा शहाणा आहे. कोकणात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवतात तशी अजगराची मादी अंड्यांना वेटोळे घालून बसते. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात वालेन्सिएन या शास्त्रज्ञाने अशा मादीचे तापमान मोजले, तेव्हा तिचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा गरम निघाले. थंड रक्ताचा प्राणी अंडी उबवतो कसा, यावर विद्वानांचा विश्वास बसायला वेळ लागला. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये आपल्या अजगराच्या जवळच्या जातीवर पुन्हा नेमके मोजमाप झाले आणि उलगडा झाला : हवा गार पडली की मादी स्नायू आकसून अंग थरथरवते आणि त्यातून ऊब काढते. घरी परतणारी सून पोराच्या अंगावर पांघरूण ओढते, तसे हे आहे. अंशाअंशाचा हिशेब ठेवणाऱ्या या जिवाला आपण बाजारातून आणलेल्या दिव्याच्या हवाली करतो.

आपल्याकडे साप ठेवण्याची प्रथाच नव्हती, असे मात्र नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी नाग पकडून मातीच्या मडक्यांत ठेवत. न्यायालयाच्या आदेशांनंतर ती मिरवणूक थांबली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडण्यास परवानगी दिली आणि वाद पुन्हा जागा झाला. माझी बाजू न्यायालयाच्या आदेशाची आहे. तरी एवढे नोंदवावेसे वाटते, की मातीचे मडके पाझरते, गार राहते, आणि सण झाला की नाग रानात सोडत. बंदिवासाला शेवट होता. काचेच्या पेटीतला बंदिवास बॉल पायथनच्या आयुष्याएवढा, म्हणजे वीस वर्षे आणि त्याहूनही लांब असू शकतो.

वीस वर्षे वीज अखंड राहील का? अलोरे वीज निर्माण करणाऱ्यांचे गाव. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचे कोळकेवाडी धरण इथेच आहे. तरीही २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा मेणबत्त्या शोधाव्या लागल्या होत्या. माणसाने दोन रात्री अंधारात काढल्या; त्याला पांघरूण होते. पेटीतल्या परदेशी सापाला आपली बटणाची ऊब हाच सूर्य असतो. तो मावळला तर दुसरा नाही.

यातून काय करायचे? घरातल्या मुलाला साप आवडला, तर त्याला रागावू नये. ती आवड चांगली आहे. त्याला गडगा दाखवावा, धामण भातशेतात उंदरांचा बंदोबस्त कशी करते ते दाखवावे, लांब उभे राहून बघायला शिकवावे. पुण्याला गेलात तर कात्रजच्या सर्पोद्यानात न्यावे. परदेशी साप आधीच घरात असेल, तर दोन्ही टोकांना तापमापक आणि आर्द्रतामापक, थर्मोस्टॅट, वीज गेल्यावरची सोय आणि सापाचे आजार ओळखणारा पशुवैद्य, एवढे तरी पाहिजे. विकणाऱ्याने ते विकतानाच लिहून द्यावे, आणि नोंदणी करणाऱ्या यंत्रणेनेही विचारावे.

एक सूचना सर्पमित्रांसाठी, ज्यांच्या धाडसावर आपले गाव निर्धास्त झोपते. पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. कापडी पिशवी, सावली आणि वनखात्याला कळवून लवकरात लवकर सुटका, एवढे केले की पुरे. उन्हातल्या बरणीतल्या सापाला पळायला दुसरे टोक नसते.

एकोणिसाव्या शतकात याच रत्नागिरी जिल्ह्यात सरकार फुरशांवर बक्षीस देई आणि लोक ती लाखांनी मारून आणत. आज आपण सापांवर प्रेम करू लागलो, ही मोठी मजल आहे. पण मारणाऱ्याला एक काठी पुरत होती. पाळणाऱ्याला सूर्य, पाऊस आणि वारा व्हावे लागते, तेही दिवसाचे चोवीस तास. ज्याला हे जमणार नाही, त्याने सापाला त्याच्या हवेत राहू द्यावे.